वीसची जुडी

जेजुरकर सरांनी भूगोलाचा प्रकल्प सांगितला तेव्हा आमच्या नववी 'ब'चा चेहराच उतरला. विषय होता 'दोन मोठे शेजारी देश : भूगोल, इतिहास, संस्कृती'. नुसती चित्रं चिकटवून वही द्यायची नाही, वर्गापुढे उभं राहून बोलायचं. बोलायचं म्हटल्यावर निम्मा वर्ग मान खाली घालून वह्या चाळायला लागला. मी नाही. मी नुकतीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. त्याआधी मला कुणी नाव विचारलं तरी घाम फुटायचा, आणि आता माईक दिसला की भुकेल्या माणसाला ताट दिसावं तसं व्हायचं.

सगळ्यांनी भारत-चीन नाहीतर भारत-पाकिस्तान घेतलं. मी हात वर केला. "सर, रशिया आणि चीन."

"आपला देश नाय आवडत का गं तुला?" मागच्या बाकावरून राज ओरडला.

"आवडतो की. पण रशियाला आम्ही शेपू विकतो. चीनला नाही विकत."

वर्ग हसला. पण मी खरं तेच सांगितलं होतं.

आम्ही विधाते, ओझरचे माळी. रान थोडं. निम्म्यात गुलाब, निम्म्यात भाजीपाला. आप्पा पहाटे गुलाब तोडून नाशिकच्या फूलबाजाराच्या टेम्पोत घालतात आणि आई विमान कारखान्याच्या कॉलनीत दारोदार भाजी देते. वैशाखात ताईचं, म्हणजे शुभांगीचं लग्न झालं आणि ती नांदगावला गेली, तेव्हापासून गुरुवारची फेरी माझ्या सायकलवर आली. गुरुवारी आईचा उपास असतो, तिला चढ-उतार होत नाही.

ताई होती तेव्हा शाळेतून आल्या आल्या मी बोलायला लागायचे आणि ती मेथी निवडता निवडता ऐकायची. तिला काही वेगळं करावं लागायचं नाही. नुसतं "मग?" म्हणायची. आता फोन केला की मागून तिच्या सासूबाईंचा आवाज येतो आणि ताई म्हणते, "बरं, ठेवू का?" आप्पा मुळात गुलाबांशीच जास्त बोलतात. आई म्हणते, "तुझा जबडा दुखत नाय का गं?" माझा कप टीव्हीवर ठेवलाय, त्यावर आईने क्रोशाचा रुमालही घातलाय. पण मी भाषणात काय बोलले ते घरात अजून कुणी विचारलेलं नाही.

तर कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर एक रशियन कुटुंब राहायचं. विक्टर अंकल कारखान्यात नव्या विमानांच्या कामाला आलेले इंजिनिअर आणि त्यांची बायको गालिना आंटी. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं तेव्हा डिसेंबर होता. मी स्वेटर, त्यावर आप्पांची मफलर, आणि दारात ही उंच बाई बिनबाह्यांच्या गाऊनमध्ये! माझ्या टोपलीत शेपू दिसल्यावर तिने जुडी उचलली, तोंड तिच्यात खुपसलं आणि डोळे मिटून उभी राहिली. आमच्याकडे शेपू म्हटलं की पोरं ताटावरून उठतात. तिने सगळीच्या सगळी घेतली.

"येवढी शेपू?" आई घरी म्हणाली. "माणूस हाय का म्हैस?"

पुढच्या गुरुवारी तिने मला आत बोलावलं आणि नाव विचारलं.

"निकिता."

ती दाराला धरून हसायला लागली. तिचा एक दात सोन्याचा होता, तो लकाकला. "निकिता? निकिता तो आदमी! ऐसा!" आणि हनुवटीखाली भली मोठी दाढी दाखवली. त्यांच्याकडे निकिता हे पुरुषाचं नाव असतं म्हणे. मग मीही दाढी कुरवाळल्यासारखं केलं आणि जाड आवाजात म्हणाले, "शेपू लो, शेपू!" तिथून आमचं जमलं.

गुरुवार म्हणजे माझा गुरुवार झाला. ती बिनदुधाचा चहा करायची आणि सोबत वाटीत जॅम द्यायची, चमच्याने खायला. मी मराठी, हिंदी, इंग्लिश, जे तोंडात येईल ते बोलायचे. तिला निम्मं कळायचं नाही. पण ती घड्याळाकडे बघायची नाही, आणि मध्येच "दा, दा" म्हणायची. म्हणजे हो, हो. अंकल सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, शेजारणींची हिंदी तिला भरभर वाटायची. मी नसते तर ती आठवडाभर कुणाशी बोलली असती, माहीत नाही. आणि ती नसती तर मी कुणाशी बोलले असते, ते मात्र मला पक्कं माहीत होतं. कुणाशीच नाही.

प्रकल्पाचं सांगितल्यावर तिने ओट्यावर कणीक भुरभुरवली आणि बोटाने त्यात एक लांब वळणदार रेघ ओढली. अमूर नदी. अलीकडे तिचं गाव, ब्लागोवेश्चेन्स्क. (हे नाव मी सायकलवर जाता येता घोकलं. आप्पांना वाटलं मला उचकी लागली.) पलीकडे चीन. चिनी लोक त्याच नदीला काळ्या ड्रॅगनची नदी म्हणतात. हिवाळ्यात ती इतकी गोठते की वरून ट्रक जातात. मी म्हटलं, आमच्याकडे निफाडला द्राक्षांच्या पानावरचं दव गोठलं तरी पेपरात फोटो येतो. त्यावर ती खूप वेळ हसली.

मग तिने कणकेतल्या रेघेच्या या बाजूला एक शेपूची काडी ठेवली. "मैं."

ती लहान होती तेव्हा शाळेत गाणी शिकवायचे, रशियन आणि चिनी भाऊ भाऊ. मग काय झालं कुणास ठाऊक, भावांचं फाटलं. ती माझ्याएवढी, चौदा वर्षांची असताना तिकडे लांब, दुसऱ्या एका नदीतल्या बेटावरून दोन्हीकडच्या सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. गावात खिडक्यांना जाड पडदे लागले. काठावर गेलं तर पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका दिसायच्या, पण हात हलवायचा नाही, अशी आईची ताकीद. कितीतरी वर्षं अशीच गेली. नंतर एक दिवस बोटी सुरू झाल्या. पलीकडची माणसं मोठाली गाठोडी घेऊन आली आणि गालिना आंटीच्या आईने आपला जुना ओव्हरकोट देऊन एका चिनी बाईकडून फुलाफुलांचा थर्मास घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बोटांवर सौदा झाला.

"अभी माँ अकेली," आंटी म्हणाली. आई पाचव्या मजल्यावर राहते. पूर्वी पलीकडचा काठ काळोखा असायचा, आता तिकडे उंच इमारती झाल्यात आणि रंगीत दिवे लागतात. आई रोज संध्याकाळी खुर्ची खिडकीशी ओढते आणि चीनचे दिवे बघत बसते. तिथे तिला एक माणूस ओळखत नाही. पण दिवे लागले की बरं वाटतं म्हणते. ती आजारी होती. आंटी उन्हाळ्यात सुट्टीवर जाणार होती, तोवर दर रविवारी फोन.

मी हे सगळं ऐकलं, मी! मध्ये एकदाही न बोलता. नंतर सायकलवर माझ्या लक्षात आलं आणि स्वतःचंच नवल वाटलं.

जानेवारीत तिने सांगितलं की येत्या गुरुवारी तिचा वाढदिवस. अंकल बंगळूरला गेलेले. "तुम आओ. केक. बस, हम दो."

मला तर तरंगल्यासारखं झालं. मी आप्पांच्या मागे लागले, मला गुलाब पाहिजेत, एकदम टॉपचे.

"बाजारात भाव काय चाललाय ठाऊक हाय का?" आप्पा म्हणाले. पण पहाटे त्यांनी बॅटरी लावून लाल गुलाब निवडले, लांब दांड्यांचे, अर्धे उमललेले. खालची पानं काढली, पाच-पाचचे चार थर लावले, पेपरात गुंडाळले, सुतळी बांधली. वीसची जुडी. आमच्याकडे गुलाब वीसच्याच जुडीत बांधतात. आप्पांचं त्यावर नाव आहे. डोळे झाकून घ्या, विधात्यांच्या जुडीत एकोणीस निघणार नाहीत. तरी त्यांनी पुन्हा सोडली आणि परत मोजली. "रशियात आपलं नाव जायला नको," म्हणाले. आप्पांनी केलेला विनोद मी वर्षातून एखादाच ऐकते.

शाळेतून आल्यावर मी ताईच्या लग्नातला ड्रेस घातला. आंटीने दार उघडलं, ओठांना लिपस्टिक लावलेली. "हॅपी बर्थडे!" मी अशी ओरडले की समोरच्या जाधवकाकू बाहेर आल्या. आंटी हसली, जुडी घेतली, पेपर उघडला. फुलांवरून बोट फिरवायला लागली. मला वाटलं लाड करतेय. मग बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून फिरलं.

तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. सगळं तसंच होतं, लिपस्टिकसुद्धा. पण ती आत निघून गेल्यासारखी झाली.

तिने गुलाब फुलदाणीत ठेवले नाहीत. बाहेर गॅलरीत, जमिनीवर, बटाट्याच्या पोत्याशेजारी. केक कापला. मी बडबडले, खूप बडबडले, दाढीवाल्या निकिताचा आवाजही काढला. ती एकदाही "दा" म्हणाली नाही. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाली, "सिरदर्द. घर जाओ, निकिता."

पुढच्या गुरुवारी दार फक्त साखळीएवढं उघडलं. "नहीं. आज नहीं." शेपूकडे बघितलंही नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी बेल वाजवली तर आत पावलं वाजली, दाराशी आली आणि थांबली. मी जिन्यात टोपली धरून उभी. ती पलीकडे उभी. मधे दार. मग पावलं परत गेली.

मी सगळं आठवून पाहिलं. चपला बाहेर काढल्या नव्हत्या का? काढल्या होत्या. केक कमी खाल्ला? अंड्याचा होता, आईच्या उपासाच्या दिवशी मी तीन तुकडे खाल्ले होते! गुलाबाला कीड होती? आप्पांच्या गुलाबाला? कुणाला तरी विचारावं म्हणून ताईला फोन लावला. "मोठ्या लोकांची मर्जी असते गं," ताई म्हणाली. "बरं, ठेवू का?"

प्रकल्पाच्या दिवशी मी बोलले. फळ्यावर अमूर काढली, वर्ग थर्मासच्या सौद्यावर हसला, खिडकीतल्या म्हाताऱ्या आईपाशी मागच्या बाकावरची पोरंही पुढे झुकली. सरांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. राजसुद्धा म्हणाला, "भारी बोलली, शेपू." मधल्या सुट्टीत सगळ्या पोरींनी घेरलं. आणि मला त्या घोळक्यात उभं राहून एवढं एकटं वाटत होतं की डबा उघडलाच नाही. कारण हे जिला सांगायचं होतं ती दार उघडत नव्हती.

दोन दिवसांनी संध्याकाळी आमच्या बांधाशी कारखान्याची जीप थांबली. विक्टर अंकल उतरले. आप्पा रानात पाणी देत होते, चिखलाच्या पायांनीच आले. आईने डोक्यावर पदर घेतला. मी दोघांच्या मधे.

अंकलना हिंदी आंटीपेक्षा बरी येत होती. ते म्हणाले, गालिनाची आई गेली. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आता त्यांच्यात चाळिसाव्या दिवसाला विधी असतो, तोवर पोचायचं म्हणून दोघं रविवारी निघणार. गालिना आता तिकडेच राहील, ते एकटे परत येतील.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वो फूल." आणि सांगितलं, अगदी हळू, जसं लहान मुलाला सांगतात. त्यांच्याकडे जिवंत माणसाला फुलं देतात ती एक, तीन, पाच. दोन, चार, वीस अशी जोडीची फुलं फक्त मेलेल्यांसाठी. थडग्यावर ठेवायला.

मी आईआप्पांना मराठीत सांगितलं. सांगताना माझा वक्तृत्वाचा आवाज कुठे गेला कळलं नाही.

आई म्हणाली, "देवा! त्या बाईला वाटलं असंल आपण काय करनीच केली."

आप्पा मला म्हणाले, "त्यांना सांग, पोरीचा दोष नाय. जुडी मी बांधली. दोनदा मोजून बांधली."

अंकलना ते सांगितल्यावर त्यांनी आप्पांचा चिखलाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रविवारी सकाळी मी जायचं ठरवलं. दार उघडेल की नाही माहीत नव्हतं. पण ती रशियाला जाईल आणि तिच्या मनात मी म्हणजे तिच्या वाढदिवसाला मौतीची फुलं घेऊन आलेली पोरगी, एवढीच राहीन, हे मला सहन होत नव्हतं. आप्पा पहाटेच कात्री घेऊन गुलाबांत उभे होते.

"किती बांधू?" त्यांनी विचारलं.

मी बोटांवर मोजायला लागले. आंटीसाठी नेले तर एक, तीन, पाच. पण घरात मयत झालेली, तिच्या आईसाठी नेले तर जोडीचे. आंटी जिवंत आणि तिची आई मेलेली, आणि दोघींच्या दारात मी एकच. किती? सर, कुठल्या पुस्तकात आहे हे?

"काही नको, आप्पा."

"रिकाम्या हाताने जाती?"

"हो."

त्या जिन्यात मी कधीच रिकाम्या हाताने चढले नव्हते. हात कुठे ठेवावेत ते कळेना. बेल वाजवली. पावलं आली, थांबली. मी म्हटलं, "आंटी, मैं निकिता. कुछ नहीं लाया." घाईत लाया म्हणाले, पुरुषासारखं.

साखळी निघाली.

ती खूप वाळली होती. आधी तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग आत घेतलं. घर मोकळं झालेलं, बॅगा भरलेल्या, ओटा पुसून कोरडा. मी सॉरी म्हणायला लागले, तर तिने डोकं हलवलं.

"तुम को मालूम नहीं था. मुझे मालूम था, तुम को मालूम नहीं." ती शब्द शोधत होती. "लेकिन सुबह फोन आया. और फूल घर में पहले से था. मुझे किसी पे गुस्सा करना था."

मग तिने सांगितलं, तिने ते गुलाब फेकले नव्हते. फोन आल्यावर ते घेऊन एकटीच चालत बाणगंगा नदीच्या पुलावर गेली. आईचं थडगं इतकं लांब, दुसरी कुठली जागा तिला इथे माहीत नव्हती. तिने ते एकेक करून पाण्यात सोडले. पाणी कमी होतं, बरेचसे तिथेच दगडांत अडकले. कपडे धुणाऱ्या बायका बघत होत्या. कुणी काही विचारलं नाही.

"बीस," ती म्हणाली. "ठीक था."

मला रडू आलं आणि तिला आलं नाही. तिने गाऊनच्या बाहीने, म्हणजे त्या दिवशी बाह्या होत्या, माझं तोंड पुसलं.

खाली जीपचा हॉर्न वाजला. मी बॅग उचलायला पुढे झाले, तर आतल्या खोलीतून अंकल आले, म्हणाले, "नहीं, पहले बैठो."

आंटी मोठ्या बॅगेवर बसली. अंकल गादी काढलेल्या पलंगावर. मला स्वयंपाकघरातलं स्टूल दिलं.

"हमारे यहाँ," आंटी म्हणाली, "जाने से पहले सब बैठते. जाने वाला, रहने वाला. चुप."

आम्ही बसलो. फ्रिज बंद होता, त्यामुळे घर नेहमीपेक्षा गप्प होतं. मोरीत नळ ठिबकत होता. लांब कारखान्याकडे कसलंसं इंजिन सुरू झालं, वाढलं आणि बंद पडलं. मला तिला केवढं सांगायचं होतं. माझं भाषण, सरांच्या टाळ्या, राज मला शेपू म्हणाला ते, आप्पा दोनदा मोजून म्हणाले ते, आणि तिथे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते. तिने डोळे मिटले होते. ती ओझरमध्ये होती की त्या पाचव्या मजल्यावरच्या खिडकीशी, कळत नव्हतं. मी दात दाबून धरले.

अंकलनी मांडीवर थाप मारली आणि उठले. आंटी उठली, माझी कॉलर नीट केली, कपाळावर ओठ टेकवले. बॅगा बाहेर गेल्या. जिन्यात चाकं धडधडत एकेक पायरी उतरत गेली.

मला उठायला हवं होतं, निदान एक पिशवी तरी धरायला हवी होती. पण राहणाऱ्याने किती वेळ बसायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली जीपचं दार लागलं, मग दुसरं लागलं. मी स्टुलावर तशीच बसून होते.